नव्वद जीबी, चार वाजेपर्यंत

कल्पना करा, तुम्ही नवा कॉम्प्युटर घेतला आहे. खोक्यातला थर्माकोल अजून कोपऱ्यात पडलाय, पडद्यावरची फिल्म सोलताना तुम्हाला गुदगुल्या झाल्या आहेत, आणि आता एकच काम उरलंय: नेहमीचा ऑनलाइन गेम पुन्हा टाकायचा. पासवर्ड तिसऱ्या खेपेला बरोबर येतो. तुम्ही 'इन्स्टॉल'वर टिचकी मारता आणि खुर्चीत रेलता. पडद्यावर आकडा येतो, नव्वद जीबी. शिल्लक वेळ, सव्वीस तास. रविवारचा दुपारचा एक वाजलाय, आणि तुम्हाला चार वाजता खेळायला बसायचंय.

अशा वेळी माणूस ओळखीच्या कॉम्प्युटरवाल्याला फोन करतो. आपल्या या गृहस्थाची पंचाईत अशी, की ओळखीतला कॉम्प्युटरवाला तो स्वतःच होता.

खोकी छापणाऱ्या एका कारखान्यातले बावीस कॉम्प्युटर तो सांभाळायचा. कसलीही तक्रार आली की आधी "रीस्टार्ट केलात का?" एवढंच विचारायचा, म्हणून सगळे त्याला रीस्टार्ट म्हणत. पुढे त्याने स्वतःही हे नाव मान्य करून टाकलं. त्याच्या टेबलामागच्या भिंतीवर त्याच्याच अक्षरात एक कागद होता: 'बॅकअप कागदपत्रांचा घ्या. प्रोग्रॅमचा घेऊ नका. प्रोग्रॅम कधीही परत टाकता येतो.' स्वतःच्या तत्त्वांशी तो इतका प्रामाणिक होता, की शनिवारी जुना कॉम्प्युटर शिवणाच्या क्लासला देताना त्याने सगळे फोटो, सगळी बिलं, अगदी एका मोडीत काढलेल्या मिक्सरचं वॉरंटी कार्डसुद्धा जपून ठेवलं, आणि मग डिस्क पार पुसून काढली. तीनदा. नियम म्हणजे नियम. गेम त्याच डिस्कवर होता.

आता गेम म्हणजे काही जीव की प्राण नव्हता. खेळायचा तोही यथातथाच. पाच जणांनी मिळून किल्ला लढवायचा, त्यात तो दरवाजा सांभाळायचा, कारण दरवाजा हलत नाही आणि त्यामुळे तो चुकत नाही, असं ताईचं मत होतं. ताई संघाची कप्तान. दूरच्या शहरात एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कामाला. फोनवर दोघांचं बोलणं म्हणजे "जेवलास?" "हो." "बरं." संपलं. पण कानाला हेडफोन लावून किल्ल्यावर उभी राहिली की दोघं दोन-दोन तास बडबडायची: शेजारणीच्या मांजरापासून बाबांच्या गुडघ्यांपर्यंत. आज नवा हंगाम सुरू होणार होता. पहिल्या लढाईला जे पाच बसतील, तेच तीन महिने खेळणार.

"चार म्हणजे चार," ताई सकाळीच म्हणाली होती. "तू नसलास तर तुझे भावजी बसतील. ते गेल्या महिन्यापासून तयारी करतायत."

म्हणजे तीन महिने नुसतं "जेवलास?" "हो." "बरं."

त्याने हातपाय मारून पाहिले. राउटर कपाटावर ठेवला, मग खिडकीत, मग मांडीवर. बायको मोबाइलवर मालिका बघत होती, तिला ती बंद करायला लावली. सव्वीस तासांचे पंचवीस तास पन्नास मिनिटं झाले.

"अरे, रीस्टार्ट करून बघ ना," बायको म्हणाली.

"तू पण?"

"गावाला सांगतोस, मला सांगायला काय झालं?"

त्याने केलं. सत्तावीस तास झाले.

इंटरनेटवरून ओढण्यापेक्षा कुणाकडे गेम असेल तर त्याचं फोल्डर सुट्या डिस्कवर घेऊन यायचं, हा मार्ग त्याला पहिल्या मिनिटालाच सुचला होता. पण तो त्याने मनातल्या मनात गाडून टाकला होता. कारण जवळपास हा गेम एकाच माणसाकडे होता. स्टोअरच्या बाईंकडे.

कारखान्याचं स्टोअर सांभाळणाऱ्या या बाई निवृत्तीला आलेल्या, कागदाची रिळं आणि शाईचे डबे यांच्यात आयुष्य घालवलेल्या. तीन महिन्यांपूर्वी त्यांच्या कॉम्प्युटरवर त्याला हाच गेम सापडला होता. तेव्हा त्याने चारचौघांत त्यांना सुनावलं होतं. "बाई, हे ऑफिस आहे. या वयात शोभतं का?" आणि त्यांच्यासमोरच गेम काढून टाकला होता. बाईंनी साठ्याचं रजिस्टर पुढे ओढलं होतं. आपणही तोच खेळतो, हे त्याने अर्थातच सांगितलं नव्हतं.

दोन वाजता त्याने फोन लावला.

"बाई, तो तुमचा गेम... घरी आहे का?"

पलीकडे टीव्हीचा आवाज कमी झाला. मग, "का? घरी येऊन काढून टाकायचाय?"

"नाही हो. मला हवाय."

"तुम्हाला? या वयात?"

अडीच वाजता तो डिस्क घेऊन बाईंच्या दारात उभा होता. बाईंचा कॉम्प्युटर जेवणाच्या खोलीत, खिडकीला लागून, आणि त्याच्या नव्या कॉम्प्युटरपेक्षा दुप्पट दणकट. फाइली डिस्कवर उतरेपर्यंत बाईंनी त्याला पाणी दिलं आणि सूचना दिल्या.

"आधी तुमच्याकडे डाउनलोड सुरू करा. फोल्डर तयार झालं की थांबवा. मग यातल्या फाइली त्या फोल्डरात ओता आणि पुन्हा चालू करा. तो स्वतःच तपासतो काय आहे, काय नाही, आणि नसेल तेवढंच आणतो."

"माहीत आहे हो बाई. माझं कामच आहे ते."

"ते दिसतंच आहे," बाई त्याच्या हातातल्या डिस्ककडे बघत म्हणाल्या. "आणि ऐका, माझ्याकडे शेवटचा अपडेट नाही. आठवडाभर साठा मोजत होते, खेळायला सवड कुठली?"

साडेतीनपर्यंत घरच्या कॉम्प्युटरवर सगळं उतरलं. त्याने ऐटीत 'पुन्हा चालू'वर टिचकी मारली. शिल्लक वेळ: सव्वीस तास.

त्याने बाईंना फोन केला. "तुमच्या फाइली खराब आहेत."

"फोल्डरात फोल्डर ठेवलंत का?"

त्याने पाहिलं. फाइली ओतायच्या सोडून त्याने बाईंचं अख्खं फोल्डर उचलून आपल्या फोल्डरात ठेवलं होतं. गेम उतरवून चालू करणारा प्रोग्रॅम, म्हणजे लॉन्चर, बिचारा बाहेरच्या खोलीत फाइली शोधत होता, आणि त्या आतल्या खोलीत कडी लावून बसल्या होत्या. ही चूक कारखान्यात कुणी केली असती, तर त्याने भिंतीवर आणखी एक कागद लावला असता.

"नाही, नाही," तो म्हणाला. "बहुतेक लॉन्चरचाच काहीतरी घोळ आहे."

"बरं. त्या घोळातून फाइली एक पायरी वर काढा," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

त्याने काढल्या. लॉन्चरने एकेक फाइल तपासली, पावणेचारला मान डोलावली आणि सांगितलं, आता फक्त दीड जीबी. शिल्लक वेळ: पंचवीस मिनिटं.

चार वाजले. त्याने ताईला फोन केला, तो लागला नाही. हेडफोन चढवला की ती फोन बंद ठेवते. बायको मालिका न बघता भिंतीकडे बघत बसली होती, केवळ इंटरनेटवर भार नको म्हणून. चार पाच. चार आठ. भावजी एव्हाना त्याच्या दरवाजात उभे राहिले असतील, हे तो धरूनच चालला होता.

चार अकराला गेम उघडला. संघाच्या यादीत चार नावं होती. पाचवी जागा रिकामी. कोपऱ्यात लाल अक्षरांत लिहिलं होतं: कप्तानाने सव्वाचारपर्यंत संघ पूर्ण न केल्यास संघ हंगामातून बाद.

त्याने घाईघाईने आपलं नाव भरलं. त्याच क्षणी लढाई सुरू झाली.

"आलास का, बारक्या?" कानात ताईचा आवाज. मागे कुठेतरी भावजी म्हणत होते, "मी अर्धा तास हेडफोन घालून बसलोय इथे."

"ताई, सॉरी. ते फोल्डर..."

"डावीकडे बघ, डावीकडे! दरवाजा!"

त्याने दरवाजा धरला. दहा मिनिटं नुसती धुमश्चक्री चालली, मग शत्रू मागे हटला आणि थोडी उसंत मिळाली. ताई विचारत होती, बाबांना गुडघ्याचा पट्टा मिळाला का, आणि तो सांगत होता, मिळाला, पण ते उलटा बांधतात. भावजी मागे अजून कुरकुरत होते.

त्याच्या डोक्यात मात्र लाल अक्षरांतलं ते सव्वाचारच फिरत होतं. शेवटी त्याने विचारलंच, "ताई, चार चौदालाही मी आलो नसतो, तर तू भावजींना बसवलं असतंस की संघ बाद होऊ दिला असतास?"