पक्षीकाकूंचा माशीमार

काकू पडदे शिवायच्या. पडदे, गाद्यांच्या खोळी, शाळेचे गणवेश. आता अशा बाईला सगळी गल्ली पक्षीकाकू का म्हणते, असं एखाद्या नव्या गिऱ्हाइकानं विचारलं की त्याची धडगत नसे. काकू मशीन थांबवायच्या, गळ्यातली टेप सारखी करायच्या आणि पहिल्यापासून सुरुवात करायच्या. घाई असलेल्या माणसानं तो प्रश्न विचारूच नये.

तर काकूंचे यजमान संग्रहालयात पक्षीविभागात संशोधक. म्हणजे पक्षी सगळे मेलेले, पेंढा-कापूस भरून खणांत ठेवलेले, आणि काकांनी ते भिंगाखाली धरून कोण कुणाचा नातलग ते ठरवायचं. तरुणपणी एकदा ते कुठल्याशा उष्ण, ओल्याकच्च रानात गेले, मोज्यांतून जळवा घेऊन परत आले, आणि येताना एक मुठीएवढा माशीमार पक्षी आणला. अंगानं तपकिरी, गळा तेवढा नारिंगी. असा पक्षी कुणी पाहिलेलाच नव्हता. नवी जात! आणि त्या जातीला काकांनी बायकोचं नाव दिलं. शास्त्राच्या रिवाजाप्रमाणे नावाला एक शेपूट जोडलेलं, पण नाव काकूंचंच.

"ह्यांनी जन्मात मला दुसरं काही दिलं नाही," काकू सांगायच्या. "लग्नाचा वाढदिवस लक्षात नाही. भाजीला पाठवावं तर भाजी आणतील आणि पिशवी दुकानात ठेवून येतील. पण माझ्या नावाचा पक्षी रानात उडतोय, असं म्हणणाऱ्या बायका जगात किती?"

संग्रहालयापुरतं बोलायचं तर दोन. आणि काकूंच्या डोक्याला ताप होता तो त्या दुसरीचा.

ती दुसरी म्हणजे विभागप्रमुख साहेबांची बायको. तिला सगळे मॅडम म्हणत. साहेबांनीही त्याच रानातून एक माशीमार आणला होता, काकांच्या कितीतरी आधी, आणि त्याला मॅडमचं नाव दिलं होतं. तो होता निळा. असातसा निळा नाही, झळझळीत. संग्रहालयाच्या कॅलेंडरवर दर वर्षी हटकून तोच. वार्षिक स्नेहसंमेलनात मॅडम काकूंजवळ येऊन गोड आवाजात म्हणायच्या, "तुमचा तो... चिमणीसारखा दिसतो, तोच ना?" काकूंच्या तळपायाची आग मस्तकात जायची. चिमणीसारखा म्हणे!

असं सगळं छान चाललेलं असताना एका संध्याकाळी काका घरी आले, ताटावर बसले आणि भाताशी नुसतेच खेळत राहिले.

"अगं, तुझा पक्षी गेला."

"अगंबाई! मेला?"

"मेला नाही. रद्द झाला."

काकूंच्या हातातला डाव हातातच राहिला. काकांनी समजावून सांगितलं. तो तपकिरी पक्षी वेगळी जात नव्हेच. निळ्या माशीमाराचा कोवळा नर तो. पहिली दोन वर्षं तपकिरी राहतो, मग निळा होतो. फसायला झालं ते एवढ्यासाठी, की हा पठ्ठ्या शाळेचा गणवेश अंगावर असतानाच संसार थाटून बसतो. घरट्यावर सापडलेल्या पक्ष्याला लहान कोण म्हणेल? आता दोन्ही एकच जात ठरल्यावर जे नाव आधी ठेवलेलं असेल ते राहतं, दुसरं जातं.

"म्हणजे," काकू सावकाश म्हणाल्या, "माझा पक्षी हा मॅडमचा पोरगा?"

"शास्त्रात असं म्हणत नाहीत," काका म्हणाले. "पण... हो."

दुसऱ्या दिवशी काकूंनी दुकान बंद ठेवलं आणि टेप घेऊन तडक संग्रहालय गाठलं. काकांच्या खोलीत डांबरगोळ्यांचा वास कोंडलेला. लाकडी कपाटांच्या सपाट खणांत पक्षी उताणे निजलेले, डोळ्यांच्या जागी कापूस, पायाला चिठ्ठी. काकूंनी आपला आणि मॅडमचा असे दोन्ही पक्षी टेबलावर शेजारी ठेवायला लावले आणि मापं घेतली.

"बघा! माझ्याची बाही आखूड आहे."

"पंख म्हण. आणि पोराची बाही आखूडच असायची, तुला मी सांगायला हवं?"

"आणि गळा? हा नारिंगी, तो निळा!"

काकांनी तिसरा खण ओढला. त्यातल्या पक्ष्याचा गळा अर्धा नारिंगी होता, अर्धा निळा, आणि पाठीवर तपकिरीतून निळी पिसं ठिकठिकाणी वर आलेली. काकूंनी तो उचलला, उजेडात धरला, उलटापालटा केला आणि एकदम ओरडल्या, "सापडली शिवण! दोन पक्षी जोडलेत कुणीतरी! मला फसवताय होय? तीस वर्षं सुई चालवतेय मी!"

"ती पोटावरची शिवण," काका हळूच म्हणाले. "कापूस भरायला फाडतात, मग शिवतात. सगळ्यांनाच असते."

काकूंनी आपला पक्षी उलटून पाहिला. होती. मॅडमचा पाहिला. त्यालाही होती. मग मात्र त्या मटकन स्टुलावर बसल्या.

"शोधून कुणी काढलं हे? साहेबांनीच ना? त्या मॅडमनीच कान भरले असणार."

काका चष्मा पुसायला लागले. "मी."

"तुम्ही? कुणी सांगितलं होतं नसत्या उठाठेवी करायला?"

"कुणी नाही. साहेब उलट म्हणाले, राहू दे, आपण निवृत्त झालो की बघतील पुढचे."

"मग राहू द्यायचं होतं!"

"तुझं नाव होतं गं त्याच्यावर. खोट्या गोष्टीवर तुझं नाव चिकटलेलं मला बघवेना."

काकूंना राग आला होता, चांगला सणसणीत, आणि त्याच वेळी रडूही येत होतं. दोन्हींतलं आधी कशाला वाट द्यावी ते कळेना.

"दुसऱ्या कुणाच्या बायकोचं नाव असतं तर?"

काकांनी प्रामाणिकपणे विचार केला. "तर बसलो असतो गप्प."

"शहाणेच आहात," काकू म्हणाल्या आणि नाक ओढत घरी आल्या.

दोन दिवसांनी दुकानात मॅडमचा फोन आला. आवाज नेहमीपेक्षाही गोड. "ऐकलं हो. फार वाईट वाटलं. शेवटी तो आमचाच निघाला म्हणायचा."

"त्यात वाईट काय वाटायचं?" काकू म्हणाल्या. "बायकोचं नाव पक्ष्याला देणारे पुष्कळ सापडतील, मॅडम. दिलेलं स्वतःच्या हातानं काढून घ्यायचं आणि वर घरी येऊन बायकोला तोंडावर सांगायचं, त्याला छाती लागते. आमच्या ह्यांना आहे ती. तुमच्या साहेबांना विचारून बघा एकदा, जमलं असतं का म्हणून."

काकूंनी फोन ठेवला, आणि मग समोरच्या कापडात तोंड खुपसून त्या पोटभर रडल्या. कापड गिऱ्हाइकाच्या पडद्याचं होतं. ते धुऊन, इस्त्री करून द्यावं लागलं.