मार की सांभाळ

लॅक्रोस म्हणजे जाळी लावलेल्या काठीत चेंडू घेऊन पळायचं, एवढंच मला माझ्या मुलीमुळे, मुक्तामुळे ठाऊक. त्या दिवशी तिचा संघ एका गोलने पुढे होता. सामना संपत आला होता आणि चेंडू मुक्ताकडे होता. समोर गोल जवळजवळ मोकळा. सगळे ओरडत होते, "मार!" पण नेम चुकला तर चेंडू समोरच्या संघाकडे जाणार. कोच मॅडम एवढंच म्हणाल्या, "मुक्ता, सांभाळ."

ती गोलकडे पाठ करून वळली. अंगावर मुली धावून आल्या, काठ्या आपटल्या, ती पळत राहिली. हाती आलेलं नुसतं राखणं इतकं अवघड असतं?

शिट्टी वाजली. जिंकूनही मुक्ता रडत होती. "मॅडम, माझा गोल राहिला."

मॅडमनी तिचे खांदे धरले. "मलाही ओरडावंसं वाटत होतं गं, मार म्हणून."