बाळूचा हॉर्न आणि चोवीसची लॉरी

सगळ्यांत आधी उतरली ती हिराबाई. नवरा लॉरीच्या चाकामागं दगड लावतोय तोवर ही पदर सावरत थेट माझ्या चुलीपाशी. आणि पाणी प्यायच्या आधीच सांगायला लागली की वडगावच्या तिच्या जावेनं स्टोव्ह घेतलाय, पण त्याच्या भीतीनं स्वयंपाक अजून चुलीवरच होतो. मी हसले खरी, पण माझं लक्ष कोंबड्यांकडं होतं. दाराशी वळताना त्या लॉरीनं अशी किंकाळी फोडली होती की बिचाऱ्या अजून परसात सैरावैरा पळत होत्या.

हिराबाईचा नवरा श्रीपती म्हणजे माझ्या लेकाचा, बाळूचा जोडीदार. दोघंही लोणावळ्याला शेटलोकांच्या मोटारी चालवायचे. बाळू परवाच्या साली तिथंच तापानं गेला. मी पोचायच्या आत लोकांनी सगळं उरकलं होतं. लढाई संपल्यावर श्रीपतीनं लष्करातनं निघालेली ही भलीमोठी लॉरी भागीत घेतली, हे ऐकून होते.

आमचं घर पुण्याकडनं येताना कामशेतच्या अलीकडं, सडकेला लागून. शेटजी गाडीत असले की बाळूला थांबायची मुभा नसायची. जाताना तो नुसता दोनदा हॉर्न वाजवायचा. मी पिठाच्या हातांनी ओट्यावर येईपर्यंत धूळच दिसायची. पण पोरगं धडधाकट आहे एवढं कळायचं, आणि दिवसभर घरी कुणी येऊन गेल्यासारखं वाटायचं.

श्रीपती खाली बसला आणि म्हणाला, "मावशी, शेटजींनी ती मोटार मोडीत काढली. हॉर्न म्या मागून घेतला. मगाशी वाजला त्यो बाळूचाच."

"न्हाई रं बाबा," मी म्हटलं. "त्याचा असा न्हवता."

त्याचं तोंड एवढंसं झालं. मग त्यानं मला समजावून सांगितलं. बाळूची मोटार बारा व्होल्टची, ही लॉरी चोवीसची. बारा-बाराच्या दोन बॅटऱ्या एकीला एक जोडलेल्या. त्यानं घाईघाईत हॉर्न दोन्हींच्या जोरावर लावला, म्हणून तो किंचाळला. असाच वाजवत राहिलं तर आतली तार जळणार, आणि मग कसलाच आवाज नाही. लोणावळ्याला एक मिस्त्री आहे, त्याच्याकडनं नीट करून घेऊ, तुम्हीपण चला, असं दोघांचं म्हणणं. मला तर तो आवाज एकदा ऐकायचाच होता. भाकरी आणि लसणाची चटणी बांधली. बाळूची बायको, माझी सून गंगू दारात उभी होती. "आत्याबाई, तुमी जावा," ती म्हणाली. "मला न्हाई ऐकवणार."

आता ज्या बायांना तिकडं जायचंय त्यांना सांगते, लॉरी मिळाली तर सोडू नका. चढणं कठीण. मला हिराबाईनं खालनं ढकललं, श्रीपतीनं वरनं ओढलं, आणि दोघं हसले ते वेगळंच. पण एकदा बसलात की सगळा मावळ मांडीवर घेतल्यासारखा दिसतो. भातं पिवळी पडायला लागलेली. डाव्या हाताला लोहगड आणि विसापूर, उजवीकडं एकवीरा आईचा डोंगर. बसल्या जागी हात जोडले. कार्ल्याच्या फाट्यावर गुळाचा चहा बरा मिळतो, कपाला कान नसतो एवढंच, तेव्हा पदरानं धरा.

लोणावळ्याला पोचून मिस्त्री कामाला लागला, तशी मी बाळूची खोली बघायला गेले. शेटजींच्या बंगल्यामागं मोटारखान्याला लागून आहे ती. माळीणबाईनं कडी काढली. आत गवताचे भारे भरलेले. खाट गेली होती, पण तिच्या उशाशी भिंतीवर त्याच्या डोक्याच्या तेलाचा डाग तसाच होता. मी त्यावर हात ठेवला. माळीणबाई ओशाळून म्हणाली, चुना लावायचा राहून गेलाय. राहू दे, म्हटलं.

परत आले तेव्हा मिस्त्रीनं दोन बॅटऱ्यांच्या मधनं तार काढून हॉर्नला दिली होती. म्हणजे हॉर्नला एकीचेच बारा मिळतात. श्रीपतीनं दाबला. जाडसर, घसा बसल्यासारखा आवाज. तोच.

मी रडले आणि हसलेही. मग मला दाबायला दिला. श्रीपती चिक्की आणायला गेला, मिस्त्री जेवायला, आणि मी दाबतच राहिले. हिराबाई म्हणाली, "मावशी, समदी बाजारपेठ गोळा व्हईल." होऊ दे म्हटलं. रस्त्यानं जाणारा प्रत्येक जण वळून बघत होता, त्याचंही मला बरं वाटत होतं.

निघायची वेळ झाली तर लॉरी नुसतीच कण्हली. गवत विकून परतणाऱ्या माणसांनी उतारावर ढकलली तेव्हा कुठं सुरू झाली. श्रीपती रागावला नाही. एवढंच म्हणाला, "बॅटऱ्या जुन्या हायेत, मावशी. गाडी उठवायला दोगी लागत्यात. तुमी एकीलाच राबवली."

जोडीतल्या एकाच बैलाच्या मानेवर सगळं ओझं टाकलं तर काय होतं, ते मला सांगायला नको. मी हात मांडीखाली घेऊन बसले. त्याची लॉरी घाटात अडली तर त्याच्या पोरांनी काय खायचं? हॉर्न घरी ठेवता का, असंही त्यानं विचारलं. घरात मुका ठेवून काय करू? गाडीवरच असू दे, पण गरजेपुरताच वाजव, असं त्याला बजावलं.

घर जवळ आलं तसं मी म्हटलं, "मला हितं वढ्यापाशी उतरव. मी चुलीपाशी जाऊन बसते, मग ये. आन थांबू नगंस."

"च्या न्हाई का पाजणार?" हिराबाई म्हणाली.

"आज न्हाई."

घरी येऊन मी परात पुढ्यात ओढली, पीठ घेतलं. दोनदा वाजला. मी पिठाच्या हातांनी ओट्यावर आले, तर गंगू माझ्या आधीच तिथं उभी होती, अनवाणी, सडकेकडं बघत. लॉरी थांबली नाही. धूळ खाली बसेपर्यंत आम्ही दोघी तशाच होतो. मग तिनं माझ्या हाताचं पीठ आपल्या पदरानं पुसलं.

चिक्की नातवंडांनी तेव्हाच संपवली. लोणावळ्याचं आता माझ्याकडं काही उरलं असेल तर तळहाताला लागलेला तो भिंतीचा गारवा. श्रीपती आणि हिराबाई चंपाषष्ठीला जेवायला येतो म्हणालेत.