आकड्याने फाडलेली गादी

वाशीच्या मार्केटवरून जाताना बारदानाचा वास आला की मला आमच्या ह्यांचा तो अवतार आठवतो. हे तिथे माथाडी होते, पोती उचलायचे. मग छातीत दुखलं, उपचार झाले, डॉक्टर म्हणाले, "रिपोर्ट चांगले आहेत, हिंडाफिरा." पण ह्यांनी मनाशी धरलं की आपण संपलो. पलंगावरून उठेनात. त्यात भेटायला येणारी माणसं शहाळं ठेवायची आणि तोंड पाडून बसायची. एका दुपारी शेजारीण म्हणाली, "जपा हो भाऊजी, अंगात काही राहिलं नाही तुमच्या." ती गेली आणि ह्यांनी पोती ओढायचा लोखंडी आकडा उचलला. गादी टराटरा फाडली, शहाळं भिंतीवर आपटलं, कपाटाचा आरसा फोडला. "मेलोय ना मी? मग जाळा की!" असं ओरडत आकडा स्वतःच्याच छातीकडे वळवला. मी तो दोन्ही हातांनी धरला. तळवा फाटला, रक्ताची धार लागली, पण सोडला नाही. मीही किंचाळले, "अहो, मेलेल्या माणसाशी एवढी झटापट करावी लागते होय? छातीत दुखतंय का तरी?" हे थांबले, छाती दाबून बघितली; कुठेच दुखत नव्हतं. मग माझ्या हाताला टॉवेल गुंडाळून स्वतः जिना उतरले आणि मला दवाखान्यात घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी शेजारीण आली, तर म्हणतात कसे, "वहिनी, आजारी ही आहे, हिला बघा. चहा मी ठेवतो." तळव्यावरचा वण चोळताना आज वाटतं, रिपोर्ट तर आधीच चांगले होते; ह्यांना ते पटायला माझा हात फाटावा लागला.