ग्रोव्हरची गाडी आणि लेलंडचा ट्रेलर

एल्खार्टच्या लेलंड मिशलरचं ज्या माणसाशी वैर होतं, तो मरून सहा वर्षं झाली होती. ग्रोव्हर त्याचं नाव. लेलंडच्या बायकोचा, नेडीनचा, पहिला नवरा. जिवंत असता तर लेलंडनं त्याची कॉलर तरी धरली असती. मेलेल्याचं काय करणार, सांगा!

लेलंडनं अठ्ठावीस वर्षं गावातल्या कारखान्यात ट्रेलरमध्ये कपाटं बसवली. ट्रकच्या मागं जोडून ओढायची ती चाकांवरची घरं. त्याच्या हातून हजारो गेली, स्वतःच्या दारात एक आलं नाही. आमच्या गावात यात नवल काही नाही. निम्मं गाव दुसऱ्यांच्या सुट्ट्या बांधण्यात म्हातारं होतं. चौसष्टाव्या वर्षी चर्चच्या जेवणात नेडीननं केलेला 'क्रीम पाय' नावाचा गोड पदार्थ खाल्ला आणि गडी विरघळला. लग्न झालं. नेडीन घरात आली ती ग्रोव्हरला घेऊनच. ग्रोव्हर रस्ता कधी चुकत नसे. ग्रोव्हर कॉफी अशी करी. ग्रोव्हरनं अकरा हिवाळे तिला बसएवढ्या मोटरहोममधून, म्हणजे स्वतःच्या इंजिनावर पळणाऱ्या घरातून, टेक्सासला नेलं होतं. चार वर्षं लेलंड हे ऐकत होता आणि चार वर्षं एकाच गोष्टीसाठी झुरत होता. तिनं एकदा तरी म्हणावं, तूही काही कमी नाहीस रे!

आता दोघांनी ठरवलं होतं, बर्फाचे महिने इथं काढायचे नाहीत. प्रश्न एकच, कशातून जायचं? ट्रेलर की मोटरहोम? लेलंडच्या मनात उत्तर पक्कं होतं. ग्रोव्हरची होती तसली गाडी मेलो तरी घेणार नाही.

एप्रिलमधल्या शनिवारी दोघं विक्रीच्या मैदानावर गेले. रांगाच रांगा. लोक बूट घालून पलंगांवर आडवे होऊन बघत होते, न्हाणीत उभे राहून कोपरं फिरवून बघत होते. लेलंड ट्रेलरांमध्ये शिरला आणि खण ओढून ओढून बघू लागला.

"ही बिजागरी बघ! याला म्हणतात काम!"

नेडीन होती कुठं बघायला? ती मोटरहोमांकडे गेली होती. लेलंड धापा टाकत पोचला, तेव्हा ती एका मधल्या आकाराच्या गाडीपाशी वाकून, न शोधता, सांडपाण्याच्या टाकीचा खटका उघडून बघत होती.

"तुला कसं ठाऊक तो तिथं असतो?"

"आमच्या गाडीत इथंच होता."

आमच्या! लेलंडच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. म्हणजे मी कोण, भाडेकरू?

"आत येऊन बस तरी," नेडीन म्हणाली. "चालवायलाही हलकी वाटते."

तो आत गेला आणि लगेच बाहेर आला. "छे! माझं डोकं लागतं छताला."

साफ खोटं. छत चांगलं वीतभर वर होतं.

नेडीन पुन्हा आत चढली. तेवढ्यात केंद्रा नावाची विक्रेती पोरगी हसत आली. "मग, काही पसंत पडलं?"

"पडलं की. तो पलीकडचा अठ्ठावीस फुटी ट्रेलर. आमचं ठरलंय, कागद आण."

"काय ठरलंय आमचं?" नेडीन दारात उभी होती.

लेलंड चपापला, पण आता माघार कशी घ्यायची? "अगं, ट्रेलरच बरा. तिकडं पोचलं की सोडून ठेवायचा, ट्रक फिरायला मोकळा. गाडी मी चालवीन. तू आपली शेजारी आरामात बस."

नेडीन हसली. ते हसू चांगलं नव्हतं.

"लेलंड, तू अगदी ग्रोव्हरसारखा आहेस."

चार वर्षं ज्या वाक्यासाठी जीव टाकला, ते आलं ते असं, सणसणीत थोबाडीत मारल्यासारखं.

"अकरा हिवाळे मी शेजारी बसले," ती म्हणाली. "एकदासुद्धा त्यानं मला गाडी चालवू दिली नाही. 'तू आरामात बस!' हेच शब्द! खटका मला ठाऊक आहे, कारण घाण पाण्याची नळी जोडायचं काम माझं असायचं. रस्ता त्याचा, घाण माझी!"

केंद्रा आपले बूट न्याहाळू लागली. लेलंडला भुई फाटून आत घेईल तर बरं असं झालं. तो पुटपुटला, "डोकं लागत नाही माझं."

"काय?"

"या गाडीत. खोटं बोललो मी."

केंद्रानं घाईघाईनं किल्ली पुढं केली. "एक चक्कर मारून बघा ना." सवयीनं तिचा हात लेलंडकडेच गेला होता. लेलंडनं दोन्ही हात खिशात घातले. किल्ली नेडीननं घेतली.

फाटकाशीच मागचं चाक कडेच्या कट्ट्यावर चढून धाडकन उतरलं. कपाटं खडखडली. 'ब्रेक!' असं लेलंडच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्यानं ते गिळलं आणि दाराची मूठ घट्ट धरली. पुढं आमच्या भागातल्या मोटार न वापरणाऱ्या पंथाच्या कुणाची तरी घोडागाडी संथ चालली होती. तिला लांबून वळसा घालून नेडीन मोकळ्या रस्त्याला लागली आणि एकटीच खदखदून हसली.

"भीती वाटतेय का रे?"

"मरणाची."

ती आणखी हसली. गाल लाल, चष्मा नाकावर घसरलेला, दोन्ही हात स्टिअरिंगवर. लेलंड बघतच राहिला. अकरा हिवाळे, एवढी मोठी गाडी, सगळं टेक्सास, आणि ग्रोव्हरनं या जागेवर बसून हिला असं एकदाही पाहिलं नाही. चार वर्षांत पहिल्यांदाच लेलंडला त्या माणसाची कीव आली.