निळेमास्तरांची अर्धी गोळी

निळेमास्तरांना हे नाव पडलं ते त्यांच्या बोटांमुळे. लोखंडाच्या नि जस्ताच्या वस्तूंवर तांब्याचा मुलामा चढवण्यात त्यांची एकोणतीस वर्षं गेली होती, आणि मोरचूदाच्या पाण्याने नखांच्या कडा कायमच्या निळसर झाल्या होत्या. साबण हरला, लिंबू हरलं, बायको बोलून बोलून दमली. मास्तर मात्र त्या बोटांवर खूश होते. कारखान्यात टाक्या रांगेने मांडलेल्या असत: तांब्याची निळी, निकेलची हिरवी, क्रोमची नारिंगी. टाकीत नुसतं डोकावून मास्तर सांगत, आज पाणी रुसलंय की खुशीत आहे. मालकाने एकदा मोजमापाचं यंत्र आणलं, तेव्हा म्हणाले, "आणा की. माझं चुकलं तर त्याला विचारू." यंत्र अजून खोक्यातच आहे.

माणूस भला होता, पण आपल्या कामाचा ताठा जरा जास्तच. तोच पुढे नडला, म्हणून आधीच सांगून ठेवलेलं बरं.

घरात एकुलती एक लेक. तिला सगळे रेडिओ म्हणत. सकाळी डोळे उघडले की तोंड सुरू, आणि बंद करायचं बटण कुणालाच सापडलेलं नव्हतं. लहानपणी ती कारखान्यात आली की मास्तर तिला एक गंमत दाखवायचे. काचेच्या बरणीत मोरचूदाचं फिकं निळं पाणी घ्यायचे आणि त्यात अमोनिया ओतायचे. आधी सगळं गढूळ व्हायचं, मग आणखी ओतून ढवळलं की दौतीतल्या शाईसारखं गडद निळं.

"तांबं तेच गं," मास्तर सांगत. "फक्त हात दुसऱ्याचा धरला. तांबं, निकेल, क्रोम ही सगळी मंडळी अशीच. पाण्यात एकटी म्हणून राहत नाहीत. कुणाचा तरी हात धरून फिरतात, आणि सोबती बदलला की रंग बदलतात."

"आणि त्यांनी हात सोडलाच नाही तर?"

"मग त्याहून घट्ट धरणारा कुणीतरी शोधायचा."

सतराव्या वर्षी रेडिओचं अक्षर बिघडलं. टाक्यांवरच्या पाट्या तीच लिहायची, मोत्यांसारख्या. नवी पाटी मात्र कोंबडीने पाय उमटवल्यासारखी आली. आई म्हणाली, "आळस वाढलाय नुसता." मग हातातून कप पडायला लागले. मग शब्द अडखळायला लागले, आणि आईचं रागावणं बंद झालं.

तीन डॉक्टरांनी तीन निदानं केली. चौथ्या डॉक्टरबाईंनी तिच्या डोळ्यांत उजेड टाकला, बराच वेळ पाहिलं आणि मास्तरांना जवळ बोलावलं. बुबुळाच्या कडेने तपकिरी-हिरवट कडं होतं. असं कडं तांब्याच्या टाकीच्या काठावर, पाणी जिथे वाळतं तिथे, मास्तर रोज बघत होते.

"तांबं आहे," ते म्हणाले. बाई बघतच राहिल्या. मास्तरांनी दोन्ही हात पाठीमागे नेले. "मी आणलं का हे घरी?"

"नाही हो. तुमच्या कामाचा काही संबंध नाही. अन्नातून थोडं तांबं सगळ्यांच्याच पोटात जातं. जास्तीचं असतं ते यकृत बाहेर टाकतं. हिच्या यकृताला ते जन्मापासून जमत नाही. तिथे साचलं, मग मेंदूपर्यंत पोचलं." त्यांनी गोळ्या लिहून दिल्या. "ही गोळी तांब्याला घट्ट धरते आणि लघवीतून बाहेर घेऊन जाते. आयुष्यभर घ्यायची. काही कमीजास्त वाटलं तर मला कळवा. आपल्या मनाने काही करायचं नाही."

घट्ट धरते, हे ऐकून मास्तरांना धीर आला. हे तर त्यांचंच काम होतं. मुलामा बिघडलेली वस्तू आली की ती उतरवणीच्या टाकीत सोडायची, आणि ते पाणी तांब्याला धरून काढून न्यायचं. घरी येऊन त्यांनी बायकोला सगळं समजावलं, डॉक्टरबाईंपेक्षाही सविस्तर.

तिसऱ्या आठवड्यात लेक जास्तच बिघडली. हात पंख्यासारखे थरथरू लागले, तोंडातून लाळ गळू लागली.

"अहो, औषधानेच वाढतंय हे," बायको रडकुंडीला आली. "बाईंना फोन करा ना."

"करतो," मास्तर म्हणाले. पण फोन केला नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर जस्ताचा नळ होता. उतरवणीचं पाणी कडक झालं की ते तांब्यावर थांबत नाही, खालचं जस्तही खातं, आणि नळाला खड्डे पडतात. अशा वेळी पाण्याचा जोर अर्ध्यावर आणायचा आणि दम धरायचा. एवढ्या वर्षांत त्यांच्या हातून एक नग वाया गेला नव्हता. त्यांनी ब्लेड घेतलं आणि गोळीचे दोन तुकडे केले; एक लेकीला दिला, दुसरा पत्र्याच्या डबीत टाकला. बायकोला सांगितलं, बाईंनीच कमी करायला सांगितलंय.

आठवडाभर थरथर खरोखरच कमी झाली. मास्तरांचा जीव भांड्यात पडला. मग ती पुन्हा वाढली, आणि लेकीचं बोलणं एकेक शब्दाने आटत गेलं. मास्तर रोज सकाळ-संध्याकाळ स्वतःच्या हाताने तिच्या जिभेवर अर्धी गोळी ठेवत राहिले, उरलेली अर्धी डबीत टाकत राहिले. आता पूर्ण द्यायची भीती वाटे, आणि अर्धीवर थांबायचीही. विचारायला तोंड राहिलं नव्हतं. घरात भांड्यांचा आवाज मोठा वाटायला लागला.

तीन महिन्यांनी बाईंनी तपासणीचा कागद पाहिला. "लघवीतून तांबं फारच कमी जातंय. गोळ्या नीट घेतेय ना ही?"

"घेतेय ना, तुम्ही सांगितलंत तेवढ्याच," मास्तरांची बायको म्हणाली.

"मग हे औषध हिला लागू पडत नाही म्हणायचं. दुसरं..."

मास्तरांनी खिशातून ती पत्र्याची डबी काढून टेबलावर उघडी केली. आत अर्ध्या गोळ्या गच्च भरल्या होत्या. "पाणी कडक झालं होतं," ते म्हणाले. "म्हणजे... ती बिघडत होती. मी अर्ध्यावर आणलं."

बायकोने तोंडावर पदर घेतला. डॉक्टरबाई रागावल्या असत्या तर मास्तरांना बरं वाटलं असतं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "सुरुवातीला काही जणांचं होतं असं. एक फोन केला असतात, तर मी तेव्हाच औषध बदललं असतं. हे तीन महिने तांबं आतच राहिलं."

"आता पूर्ण दिलं तर?"

"आता मी ठरवीन काय द्यायचं ते. बिघडणं थांबेल, अशी आशा आहे. गेलंय त्यातलं किती परत येईल, ते नाही सांगता येत."

मास्तर आपल्या निळ्या नखांकडे बघत बसले. रडूही येईना.

तेवढ्यात लेकीने टेबलावर हात ठेवला. थरथरणारं बोट डबीजवळ नेलं. तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं.

"मा... हीत... होतं."

"तुला माहीत होतं?" बाई पुढे झुकल्या. "मला न विचारता अर्धी देतायत हे? मग आईला तरी का नाही सांगितलंस?"

तिने वडिलांकडे पाहिलं. उत्तर यायला खूप वेळ लागला.

"बाबांना," ती म्हणाली, "त्यातलं... सगळं... कळतं."