मंगळवार-शुक्रवारचा उंचवटा

तळघरातल्या त्या प्रयोगशाळेत कुणी "ताई, मी तपासलंय" असं म्हणालं, की पलीकडून दोनच शब्द यायचे. "तरी दाखव." नळी धुतली असेल, तरी दाखव. काच पुसली असेल, तरी दाखव. दाखवलं की गळ्यात दोरीला अडकवलेलं भिंग डोळ्यापाशी जायचं आणि त्या काचेवर एखादा तंतू सापडायचाच. म्हणून मुलं तिला तोंडावर ताई म्हणत आणि पाठीमागे भिंग. तिला हे ठाऊक होतं. कोण पाठीमागे काय बोलतं हे तिला ठाऊक नाही, असं सहसा होत नसे.

विद्यापीठाच्या स्पेक्ट्रोस्कोपीच्या प्रयोगशाळेत ती चोवीस वर्षं तंत्रज्ञ होती. म्हणजे नेमकं काय करतेस, असं कुणी विचारलं तर सांगायची, "पदार्थातून उजेड सोडायचा आणि पलीकडे किती पोचला ते बघायचं. मधल्यामध्ये जो गायब झाला तो कुणी खाल्ला, ते खुणेवरून ओळखायचं." प्रत्येक पदार्थाची खूण वेगळी. पडद्यावरच्या रेघेत ती उंचवट्यासारखी उठते.

"म्हणजे पोलीसखातंच की," धाकटी बहीण म्हणायची. "तुझ्यासाठीच काढलेलं दिसतंय."

मुळात स्वभाव संशयी म्हणून ती या कामाला लागली, की या कामाने तिला संशयी केलं, हे सांगणं कठीण आहे. दुधाच्या पिशवीवरची तारीख ती दोनदा वाचायची. आईला ताप आला तर थर्मामीटर लावायची, आकडा बघायची आणि मग आईच्या कपाळाला हात लावून खात्री करून घ्यायची. यंत्रावर भरवसा नाही, माणसांवर तर नाहीच. एका गोष्टीवर मात्र होता: स्वतःच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटावर.

त्या बोटाची गोष्ट अशी. प्रयोगशाळेच्या मधोमध एक पोलादी डबा होता, साधारण मोठ्या पातेल्याएवढा. त्यातली सगळी हवा पंपाने ओढून घ्यायची आणि आतली एक छोटी काच उणे दोनशे साठ अंशांपर्यंत गार करायची. डब्याचं झाकण एका रबरी रिंगवर बसायचं. रिंगवर साधा केस राहिला तरी हवा आत शिरायची आणि दिवस फुकट जायचा. हातमोजे घालूनच काम करायचं असा नियम भिंतीवर लावलेला होता, तो कागद तिनेच चिकटवला होता. पण शेवटी झाकण ठेवण्याआधी ती उजव्या हाताचा मोजा काढायची आणि उघडं बोट रिंगवरून एकदा गोल फिरवायची. हातमोज्यातून केस कळत नाही, बोटाला कळतो. तिच्या आधीच्या म्हाताऱ्या तंत्रज्ञाने तिला हे शिकवलं होतं. तिने मात्र ते कुणाला शिकवलं नाही, कारण दुसऱ्या कुणाच्या बोटावर तिचा विश्वास नव्हता. डबा बंद करायचा तो तिनेच.

त्या डब्यावर बर्फवाली काम करायची. ही पीएचडीची विद्यार्थिनी. गार काचेवर पाण्याच्या वाफेचा पातळ बर्फ धरायचा, त्यात आणखी दोन साधे वायू मिसळायचे, वरून अतिनील दिवा सोडायचा आणि आकाशात ताऱ्यांच्या मधल्या धुळीवर जे घडत असेल ते इथे घडतंय का बघायचं, असा तिचा विषय. पोरगी अबोल होती, कामाला वाघ होती, आणि ताईला ती पहिल्यापासून थोडी खटकायची. इतकं कमी बोलणाऱ्या माणसाच्या पोटात काय आहे ते कळायचं कसं?

दोन वर्षं काही निघालं नाही. मग एका मंगळवारी रेघेत एक नवा उंचवटा उठला. लहानसा, पण स्पष्ट. शुक्रवारी पुन्हा उठला. अतिनील दिवा शेजारच्या प्रयोगशाळेचा होता आणि तो मंगळवार-शुक्रवार असे दोनच दिवस मिळायचा. सोमवारी आणि गुरुवारी बर्फवाली दिव्याशिवाय तोच प्रयोग करायची, तेव्हा रेघ सपाट. दिवा लावला की उंचवटा, नाही लावला की नाही. याहून स्वच्छ पुरावा कोणता हवा? प्रमुख असलेले सर, जे एरवी जिना चढतानाही विचार करून पाय टाकत, ते त्या दिवशी दोन-दोन पायऱ्या चढत वर गेले.

तीन महिन्यांनी या शोधावरचा लेख एका विज्ञान नियतकालिकात छापून आला आणि विद्यापीठाच्या बातमीपत्रात पहिल्या पानावर बातमी आली. ताऱ्यांमधल्या बर्फात नवा पदार्थ बनत असावा, आपल्या प्रयोगशाळेचा शोध. फोटोत मधोमध सर, शेजारी बर्फवाली, पुढे डबा. कडेला ताईचं कोपर आलं होतं.

पुढच्याच महिन्यात दुसऱ्या एका विद्यापीठातून पत्र आलं. आम्ही हाच प्रयोग अकरा वेळा केला, दिवाही तसाच वापरला, आम्हाला काही दिसत नाही. सरांनी पत्र हसण्यावारी नेलं, पण ताईच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. तिथे नाही आणि इथेच कसं? कुठेतरी पाणी मुरतंय.

ती पाळत ठेवू लागली. काय दिसणार? माणूस बघायचंच ठरवून बसला की हवं ते दिसतं. बर्फवाली नमुन्याचं पाणी भरताना दाराकडे पाठ करून उभी राहायची. दिवसातून तीन-चारदा ती कोपऱ्यात जायची. आणि एका शुक्रवारी ताई अचानक आत आली, तेव्हा पोरीने एक इवलीशी बाटली झटकन कोटाच्या खिशात टाकली.

"फोटोत तुझं कोपरच आलं म्हणून तर नाही ना हे सगळं?" रात्री जेवताना धाकटीने विचारलं.

"माझ्या कोपराचा काय संबंध?" ताई उसळली. "इथे लबाडी चाललीय आणि तुला फोटो सुचतोय."

"बाटलीत काय होतं ते विचारलंस?"

"चोर कधी सांगतो का, चोरी केली म्हणून?"

दुसऱ्या दिवशी तिने सरांच्या खोलीचं दार लावून घेतलं आणि बाटलीचं सांगितलं. सरांचा चेहरा उतरला. त्यांनी बर्फवालीला बोलावून सांगितलं, की चौकशी होईपर्यंत तिने तळघरात पाऊल टाकायचं नाही. नऊ दिवसांनी, सोमवारी, समिती बसेल. लबाडी ठरली तर पीएचडी तर जाईलच, पुढे कुठली प्रयोगशाळा दारात उभंही करणार नाही. पोरीने फक्त "बरं" म्हटलं आणि वही टेबलावर ठेवून ती गेली. हे एवढंच "बरं" ताईला आणखी एक पुरावा वाटला.

"समितीपुढे काहीतरी ठोस लागेल," सर म्हणाले. "येत्या शुक्रवारी दिवा आपल्याकडे आहे. प्रयोग तुम्हीच करा, ताई. आत दुसरं कुणी नको. उंचवटा आला नाही, की सगळं उघडच आहे."

शुक्रवारी ताईने आतून कडी लावली आणि किल्ली कमरेला खोचली. पाण्याची नवी सीलबंद बाटली फोडली. नळ्या स्वतः धुतल्या, भिंगाखाली घातल्या. डबा आदल्या रात्रभर तापवून साफ झालेला होता, तसा तो रोजच व्हायचा. नवी रिंग बसवली, मोजा काढून बोट फिरवलं, झाकण लावलं. पंप घरघरू लागला. काच गार झाली, बर्फ धरला, दिवा लागला. ती पडद्यासमोर हाताची घडी घालून बसली, निकाल ठाऊक असलेल्या माणसासारखी.

उंचवटा उठला.

जागच्या जागी, तेवढाच, तसाच.

पहिल्यांदा तिला वाटलं, पोरीने जाण्याआधीच काहीतरी करून ठेवलंय. पण पाणी नवं होतं. दिव्यात? दिवा तर शेजारच्यांचा. मग शेजारच्यांवर संशय घेऊन झाला. सरांवरही घेऊन झाला. एकेक जण धुतल्या तांदळासारखा निघत गेला आणि खोलीत शेवटी कडी, किल्ली आणि ती एवढेच उरले. तिने हनुवटीला हात लावला आणि विचार करत बसली. थोड्या वेळाने नाकाला वास आला.

आईच्या गुडघ्यांच्या मलमाचा वास.

पाच-एक महिन्यांपूर्वी आईचे गुडघे फारच धरले होते आणि आता ती घरातल्या घरात कशीबशी चालायची. सकाळी कुणीतरी तिचे गुडघे त्या झणझणीत मलमाने अर्धा तास चोळून दिले, तरच ती उठायची. दोघी बहिणींनी हे काम वाटून घेतलं होतं. धाकटी बेकरीत होती आणि तिला आठवड्यात दोनदा पहाटेच कामावर जावं लागायचं. ते दोन दिवस ताईचे. मंगळवार आणि शुक्रवार.

चोळून झालं की ती साबणाने दोनदा हात धुवायची. पण ते मलम कातडीत मुरायचं, आणि त्या डब्यात जे काही असेल ते सगळ्यात गार जागेवर जाऊन बसतं, हे तिनेच वर्षानुवर्षं नव्या मुलांना शिकवलं होतं. बोटावरून रिंगवर, रिंगवरून काचेवर. पाच महिने दर मंगळवारी आणि शुक्रवारी ती स्वतःच्या हाताने शोध लावत आली होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा! तिला हसू आलं नाही.

तरी खात्री करायला हवी होती. शनिवारी धाकटीची पाळी असतानाही तिने आईचे गुडघे चोळले आणि प्रयोगशाळेत येऊन दिवा न लावता प्रयोग केला. उंचवटा आला. डबा तापवून घेतला आणि रविवारी मलमाला हात न लावता, दोन्ही मोजे घालून पुन्हा केला. रेघ सपाट.

रविवारी संध्याकाळी ती ते तीन कागद घेऊन स्वयंपाकघरात बसली. खरं सांगायचं तर तिच्या मनात आलं, की हे कुणाला कळायची गरज नाही. शुक्रवारचा कागद फाडायचा आणि त्याच्या जागी रविवारचा पुढे करायचा. मी केला, नाही आला. पोरगी बुडेल, पण ताईच्या चोवीस वर्षांना डाग लागणार नाही. आत आईने हाक मारली, "उद्या कुणाची गं पाळी?" धाकटी म्हणाली, "माझी." ताईने कागद घडी घालून पिशवीत ठेवले आणि हात धुतले, पुन्हा धुतले, आणि वास घेतला. होताच.

सोमवारी समिती बसण्याआधी ती सरांच्या खोलीत गेली. बर्फवाली तिथे आधीच बसलेली होती, मांडीवर हात ठेवून. ताईने तिन्ही कागद टेबलावर मांडले आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. मलम, पाळ्या, बोट. मध्ये थांबली नाही, थांबली असती तर पुढचं बोलता आलं नसतं.

"तुम्ही मोजा काढता?" सरांनी विचारलं. "तुम्ही?"

"चोवीस वर्षं," ती म्हणाली.

सरांनी शनिवारचा कागद उचलून घेतला. बातमी मागे घ्यावी लागणार होती, लेख मागे घ्यावा लागणार होता. शेवटी ते बर्फवालीकडे वळले आणि म्हणाले, "तुझ्यावरचा आळ गेला."

"म्हणजे पदार्थ नाहीच?" तिने विचारलं.

"नाही."

तिने मान खाली घातली. आळ आल्याच्या दिवशी ती रडली नव्हती, आता रडली. दोन वर्षं त्या डब्यापुढे बसून जे मिळालं होतं ते एका म्हातारीच्या गुडघ्याचं मलम निघालं होतं. ताईला तिच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला, पण तो हात पुढे करायची तिची हिंमत झाली नाही.

जाताना पोरीने खिशातून ती इवलीशी बाटली काढून टेबलावर ठेवली. "डोळ्यांचे थेंब आहेत," ती म्हणाली. "पडद्याकडे बघून डोळे कोरडे पडतात. प्रयोगशाळेत औषधं आणायला तुम्हीच बंदी केलीय, म्हणून लपवली." मग म्हणाली, "ताई, तुम्ही सगळ्यांना 'तरी दाखव' म्हणता. मला एकदा म्हटलं असतंत, तर दाखवली असती."

बातमीपत्राच्या पुढच्या अंकात शेवटच्या पानावर चार ओळींचा खुलासा आला, फोटोशिवाय. ताईला लेखी समज मिळाली. ती तिने घरी नेऊन धाकटीला वाचून दाखवली, आईला नाही. गुडघे चोळून घ्यायची आईने लाज धरली असती.

दीड महिन्याने बर्फवाली परत तळघरात आली, नवे वायू आणि नवी वही घेऊन. ताईशी ती कामापुरतं बोलायची, त्याहून एक शब्द जास्त नाही. त्या दिवशी मंगळवार होता. रिंग बसवून झाली आणि ताई झाकण लावायला पुढे झाली, तेव्हा पोरगी डब्याच्या आणि तिच्या मध्ये येऊन उभी राहिली.

"ताई, हात."

"अगं, मोजे घातलेत. आणि आता मंगळवारी धाकटी करते, बेकरीतली पाळी बदलून घेतलीय तिने. मी मलमाला शिवतसुद्धा नाही."

"तरी दाखवा," बर्फवाली म्हणाली.

ताईने दोन्ही मोजे काढले आणि हात पुढे केले. पोरीने ते पालथे केले, उताणे केले, वाकून उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचा वास घेतला आणि मग मोज्यांचं नवं खोकं तिच्यापुढे धरलं. ताईचे कान लाजेने तापले होते. पण ती हललीसुद्धा नाही, पोरीचं पूर्ण बघून होईपर्यंत तिने हात तसेच धरून ठेवले.